दुकानात कॅमेरे आठ, रेकॉर्डिंग पाचच दिवसांचं! डीव्हीआर, एनव्हीआर की क्लाउड, नेमकं काय घ्यायचं?

बार्शीत माझ्या मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे. मागच्या वर्षी महिनाअखेरीला स्टॉक मोजताना वायरची ११ बंडलं कमी भरली. घराच्या वायरिंगची तांब्याची बंडलं, म्हणजे रक्कम सोडून देण्यासारखी नव्हती. पण दुकानात आणि गोडाऊनमध्ये मिळून आठ कॅमेरे होते, त्यामुळे मामा निर्धास्त होता. "फुटेज बघू, सगळं कळेल," म्हणाला.

रात्री शटर पाडून सगळे मॉनिटरसमोर बसले. माल ज्या दिवशी उतरला होता त्या तारखेवर क्लिक केलं. काहीच नाही. मग एकेक दिवस पुढे येत गेले, तर रेकॉर्डिंग सुरू होत होतं ते थेट पाच दिवसांपूर्वीपासून. त्याआधीचं सगळं पुसलं गेलं होतं.

गोडाऊनची चावी दोन वर्षं कामाला असलेल्या एका मुलाकडे असायची. त्याला तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण नजरा कळतात. दोन दिवसांनी तो यायचा बंद झाला. तीन आठवड्यांनी पुरवठादाराकडचा हिशोब जुळवताना उलगडा झाला: चलनावर ४० बंडलं लिहिली होती, गाडीतून उतरली होती २९. क्रेडिट नोट आली, पैसे वळते झाले. मामा त्या मुलाच्या घरी जाऊन आला, पण तोवर त्याने दुसरीकडे काम धरलं होतं.

माल उतरताना गोडाऊनच्या दारावरचा कॅमेरा सुरूच होता. त्याने सगळं पाहिलं होतं. फक्त ते कुठे साठून राहिलं नव्हतं.

सीसीटीव्ही घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो, रात्री रंगीत दिसतं का विचारतो, मोबाईलवर दिसेल ना हे तर पहिलं विचारतो. रेकॉर्डरबद्दल कोटेशनमध्ये एकच ओळ असते: 'डीव्हीआर, १ टीबी हार्ड डिस्कसह'. आपण त्या ओळीची फक्त किंमत बघतो. आज त्या एका ओळीबद्दल बोलूया.

आधी हे डीव्हीआर आणि एनव्हीआर प्रकरण समजून घेऊ

दोन्ही पेट्या दिसायला सारख्याच. कॅमेऱ्यांची चित्रं एका ठिकाणी आणायची आणि आतल्या हार्ड डिस्कवर साठवायची, हे काम दोघी करतात. फरक आहे तो चित्राचं डिजिटल फाईलमध्ये रूपांतर कुठे होतं यात.

डीव्हीआरला जोडलेला कॅमेरा ॲनालॉग सिग्नल पाठवतो. कोएक्सियल केबलमधून, म्हणजे जुन्या केबल टीव्हीसारख्या जाड वायरमधून, तो सिग्नल डीव्हीआरपर्यंत येतो आणि तिथे त्याचा व्हिडिओ तयार होतो. एनव्हीआरमध्ये उलटं आहे. त्याचा कॅमेरा आयपी कॅमेरा असतो, म्हणजे स्वतःच एक छोटा कॉम्प्युटर. व्हिडिओ तो स्वतः तयार करतो आणि इंटरनेटच्या असते तशा लॅन केबलमधून एनव्हीआरकडे पाठवतो. एनव्हीआरचं काम मुख्यतः तो जमा करून ठेवण्याचं.

तुमच्याकडे सध्या काय आहे हे ओळखायचं असेल तर पेटीची मागची बाजू बघा. फिरवून बसवायची गोल धातूची पिन असलेल्या वायरी दिसल्या की डीव्हीआर. राऊटरला लावतो तशा चौकोनी प्लास्टिकच्या पिना ओळीने दिसल्या की एनव्हीआर.

'डीव्हीआर म्हणजे जुनाट, चित्र धूसर' असं अजूनही बरेच जण सांगतात. ते आता खरं राहिलेलं नाही. आजचे ॲनालॉग एचडी कॅमेरे २ मेगापिक्सेल आणि ५ मेगापिक्सेलमध्ये सर्रास मिळतात. दुकानात आधीपासून कोएक्सियल वायरिंग असेल, पीओपीच्या आत गेलेलं असेल, तर फक्त एनव्हीआरच्या हौसेपायी छत फोडण्यात अर्थ नाही. चांगला डीव्हीआर घ्या आणि वाचलेले पैसे हार्ड डिस्कमध्ये घाला, असं माझं सरळ मत आहे.

पण डीव्हीआर घेताना एक फसगत हमखास होते. स्वस्तातल्या अनेक डीव्हीआरवर '१०८० पी लाइट' किंवा '१०८० एन' असं लिहिलेलं असतं. पूर्ण १०८० पी म्हणजे आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके. लाइटमध्ये आडवे ठिपके निम्मेच, ९६० च्या आसपास, साठवले जातात आणि दाखवताना चित्र ताणलं जातं. म्हणजे तुम्ही कॅमेरा पूर्ण एचडीचा घेतला, लाइव्ह चित्रही झकास दिसलं, पण साठवलं गेलं ते अर्धंच. गाडीची नंबर प्लेट किंवा चेहरा ओळखायची वेळ आली की हा फरक कळतो. त्यामुळे विचारायचा प्रश्न 'कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?' एवढाच नाही. 'रेकॉर्डिंग किती मेगापिक्सेलचं होतं?' हेही विचारा.

नवीन दुकान असेल, फर्निचरचं काम अजून व्हायचं असेल, तर मात्र एनव्हीआरचा विचार जरूर करा. त्याचं मोठं सुख म्हणजे पीओई. यात एकाच लॅन केबलमधून कॅमेऱ्याला वीजही जाते आणि चित्रही येतं. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ वेगळा प्लग लागत नाही. याचा आपल्याकडे खरा उपयोग लाईट गेल्यावर होतो: एनव्हीआर आणि राऊटर एका यूपीएसवर टाकले की सगळे कॅमेरे जिवंत राहतात. डीव्हीआरमध्येही हे जमतं, पण त्यासाठी सगळ्या कॅमेऱ्यांची वीज एकाच पॉवर सप्लायवरून घेतलेली हवी. बऱ्याच ठिकाणी कॅमेऱ्यागणिक वेगळा ॲडॉप्टर जवळच्या सॉकेटमध्ये खोचलेला असतो. मग डीव्हीआर यूपीएसवर छान सुरू राहतो आणि अंधारात बंद पडलेल्या कॅमेऱ्यांचं काळं चित्र रेकॉर्ड करत बसतो.

पीओईची मर्यादा १०० मीटर केबलची. रस्त्यापलीकडचं गोडाऊन किंवा लांबचं गेट असेल तर मध्ये एखादा स्विच लागतो. कोएक्सियल याहून बरंच लांब जातं. आयपी कॅमेरे वेगवेगळ्या कंपन्यांचे घेणार असाल तर त्यांवर 'ऑनव्हिफ' आहे का ते बघा. एका कंपनीचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरशी बोलू शकावा म्हणून २००८ मध्ये काही कंपन्यांनी एकत्र येऊन तयार केलेलं ते मानक आहे. आणि जुने ॲनालॉग कॅमेरे ठेवून दोन-तीन आयपी कॅमेरे जोडायचे असतील तर दोन्ही चालणारे हायब्रिड डीव्हीआरही मिळतात.

पण रेकॉर्डिंग किती दिवसांचं राहणार?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा आहे आणि सगळ्यात कमी विचारला जाणाराही हाच.

रेकॉर्डरची हार्ड डिस्क भरली की तो थांबत नाही. सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग पुसून त्याच जागेवर नवीन लिहायला लागतो. म्हणजे आठवणीची लांबी ठरवणाऱ्या गोष्टी तीन: कॅमेरे किती, प्रत्येक कॅमेरा सेकंदाला किती डेटा तयार करतो आणि डिस्क केवढी.

हिशोब सोपा आहे, कागद-पेन घ्या. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा साधारण सेकंदाला २ मेगाबिट या वेगाने रेकॉर्ड करतोय असं धरू. रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये 'बिटरेट' नावाने हा आकडा दिसतो. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, म्हणून सेकंदाला पाव मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे एका कॅमेऱ्याचे दिवसाला २१.६ जीबी.

चार कॅमेरे असतील तर दिवसाला सुमारे ८६ जीबी. १ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. आणि आठ कॅमेरे असतील तर पावणेसहा दिवसांत! प्रत्यक्षात थोडं कमीच, कारण डिस्कची सगळी जागा वापरायला मिळत नाही.

मामाच्या दुकानात नेमकं हेच झालं होतं. सुरुवातीला दुकानातले चार कॅमेरे आणि १ टीबीची डिस्क होती. गोडाऊन घेतल्यावर आणखी चार लावले. डीव्हीआर आठ चॅनलचा होता, जागा मोकळी होती, सीसीटीव्हीवाल्याने वायरी जोडल्या आणि गेला. कॅमेरे दुप्पट झाले त्या दिवशीच आठवण निम्मी झाली, आणि हे त्याने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मग कमी पैशांत जास्त दिवस कसे मिळवायचे? पहिला उपाय म्हणजे एच.२६५. व्हिडिओ दाबून लहान करायची ही पद्धत जुन्या एच.२६४ पेक्षा जवळपास तितक्याच दर्जाचं चित्र साधारण निम्म्या जागेत बसवते. आजच्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये ती असते, पण कित्येकदा बसवताना सुरूच केलेली नसते. सेटिंगमध्ये जाऊन बघा. कदाचित एक रुपयाही खर्च न करता तुमचे दिवस दुप्पट होतील.

दुसरा उपाय फ्रेम कमी करण्याचा. सेकंदाला २५ चित्रं लागतात ती सिनेमाला. गल्ल्यावरचा हात दिसायला १५ पुरतात, आणि त्या हिशोबाने बिटरेटही खाली आणता येतो.

तिसरा उपाय मोशन रेकॉर्डिंग, म्हणजे हालचाल असेल तेव्हाच रेकॉर्ड करणं. रात्री बंद असणाऱ्या गोडाऊनसाठी ते उत्तम. पण काउंटरवर मी ते लावणार नाही. हलणारा पंखा, दारावरचं तोरण, दिवाळीतली माळ यांनी ते उगाच सुरू होत राहतं आणि संवेदनशीलता कमी केली की नेमका हवा तो क्षण सुटतो. गल्ला आणि मुख्य दार इथे सलग रेकॉर्डिंगच असू द्या.

आता, किती दिवस पुरेसे? बँकांच्या लॉकर रूमसाठी रिझर्व्ह बँकेने किमान १८० दिवसांचं रेकॉर्डिंग जपायला सांगितलं आहे. पोलीस ठाण्यांमधल्या कॅमेऱ्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये १८ महिने, आणि तशी यंत्रणा मिळत नसेल तर किमान एक वर्ष, अशी मुदत घातली. किराणा दुकानाला एवढं लागत नाही. सराफ, लॉज, पेट्रोल पंप अशा धंद्यांबाबत स्थानिक पातळीवर आदेश निघालेले असू शकतात, तेव्हा आपल्या पोलीस ठाण्यात एकदा विचारून घ्या.

बाकीच्यांसाठी मी एकच कसोटी लावते: तुमच्या धंद्यात चूक लक्षात यायला किती दिवस लागतात? दरोडा सकाळीच कळतो, त्याला दोन दिवसांचं रेकॉर्डिंगही चालेल. पण छोट्या धंद्याला दरोड्यापेक्षा जास्त छळतात त्या सावकाश कळणाऱ्या गोष्टी. स्टॉक महिन्याला मोजला जातो. पुरवठादाराचा हिशोब महिन्याने जुळतो. 'मी त्या दिवशी पाचशेची नोट दिली होती' म्हणणारं गिऱ्हाईक आठवड्याने येतं. महिन्याचा हिशोब महिन्याने लागत असेल तर रेकॉर्डिंग ३५ ते ४० दिवसांचं हवं. चार कॅमेऱ्यांना सेकंदाला २ मेगाबिटने त्यासाठी ४ टीबी लागतील. एच.२६५ लावून बिटरेट १ मेगाबिटवर आणला तर २ टीबीतही भागेल.

घेताना रेकॉर्डरला किती टीबीपर्यंतची डिस्क चालते आणि आत किती डिस्क बसतात हेही विचारून ठेवा. आणि पुढे वाढवायचं असेल तर चारऐवजी आठ चॅनलचा रेकॉर्डर आत्ताच घेणं शहाणपणाचं. फक्त कॅमेरा वाढवाल त्या दिवशी डिस्कचा हिशोब पुन्हा करा!

हार्ड डिस्क कुठलीही चालते का?

चालते, आणि मग एक दिवस चालत नाही. साध्या कॉम्प्युटरची डिस्क दिवसातले काही तास वापरायची म्हणून बनवलेली असते. रेकॉर्डरमधली डिस्क वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस, अखंड लिहीत असते. त्यासाठी 'सर्व्हेलन्स' प्रकारच्या वेगळ्या डिस्क येतात: डब्ल्यूडीची पर्पल, सीगेटची स्कायहॉक वगैरे. कोटेशनमध्ये फक्त '१ टीबी हार्ड डिस्क' लिहिलं असेल तर मॉडेल लिहून मागा. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क नवी म्हणून बसवली जाण्याचे प्रकार होतात. बिलावर डिस्कचा सीरियल नंबर असला की वॉरंटीलाही अडचण येत नाही.

गंमत म्हणजे डिस्क मेली तरी मॉनिटरवर काही फरक दिसत नाही. लाइव्ह चित्र तसंच सुरू असतं. बहुतेक रेकॉर्डर डिस्क बिघडली की बीप-बीप करतात, पण तो आवाज त्रासदायक वाटतो म्हणून कुणीतरी सेटिंगमध्ये जाऊन बंद करून टाकतं. म्हणून महिन्यातून एकदा, समजा भाड्याचा चेक लिहिता त्या दिवशी, दोन मिनिटं काढून वीस दिवसांपूर्वीचं काहीतरी लावून बघा. दिसलं तर ठीक.

चोराने डीव्हीआरच नेला तर?

'जाताना चोरट्यांनी सीसीटीव्हीचा डीव्हीआरही लंपास केला' हे वाक्य तुम्ही बातम्यांमध्ये वाचलंच असेल. मी स्वतः अशा बातम्या टाईप केल्या आहेत. चोरांना आता पक्कं ठाऊक असतं की पेटी काउंटरखाली किंवा मॉनिटरच्या शेजारी असते. कॅमेरा फोडायची त्यांना गरजच उरत नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जागा बदलणं. पेटी माळ्यावर, आतल्या खोलीत किंवा जाळीच्या कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा. हवा खेळती हवी, कारण रेकॉर्डर तापतो, आणि मराठवाडा-विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तर फारच. मॉनिटर काउंटरवर असू दे. लांब एचडीएमआय केबल टाकता येते. काही जण एक बंद पडलेला जुना डीव्हीआर काउंटरखाली मुद्दाम ठेवतात. कल्पना वाईट नाही.

दुसरा उपाय म्हणजे सगळ्यात महत्त्वाच्या एका-दोन कॅमेऱ्यांची नक्कल दुसरीकडे ठेवणं. अनेक आयपी कॅमेऱ्यांत मेमरी कार्डची खाच असते. पेटी गेली तरी कार्डावर काही दिवस राहतात. फक्त कार्ड 'हाय एन्ड्युरन्स' प्रकारचं घ्या, मोबाईलचं साधं कार्ड सततच्या लिखाणाने लवकर दमतं. आणि सगळी भिस्त कार्डावर ठेवू नका, कारण कॅमेरा उपटून नेला की कार्डही गेलं.

मग सरळ क्लाउडच का नको?

क्लाउड म्हणजे रेकॉर्डिंग इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जातं. चोरी, आग, पुराचं पाणी, कशानेही ते जात नाही. ऐकायला परिपूर्ण वाटतं. पण पुन्हा तो कागद-पेन काढा.

चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, म्हणजे अखंड ८ मेगाबिटचा अपलोड वेग हवा. महिन्याचा डेटा होतो सुमारे २.६ टीबी. आपल्याकडच्या अनेक 'अनलिमिटेड' ब्रॉडबँड प्लॅनमध्ये महिन्याची मर्यादा ३.३ टीबीच्या आसपास असते, त्यानंतर वेग खाली येतो. म्हणजे चार कॅमेऱ्यांतच प्लॅनचा मोठा घास गेला. आठ कॅमेरे तर बसणारच नाहीत. शिवाय कॅमेऱ्यागणिक दर महिन्याला भाडं, आणि ते भरायचं थांबलं की जुनं रेकॉर्डिंगही हातचं जातं. नेट गेलं की त्या वेळेचं रेकॉर्डिंग नाही, कॅमेऱ्यात कार्ड असेल तरच.

आणि क्लाउड म्हणजे सुरक्षित, हेही गृहीत धरू नका. मार्च २०२१ मध्ये 'वेरकाडा' या अमेरिकी क्लाउड कॅमेरा कंपनीत हॅकर शिरले आणि हजारो ग्राहकांच्या, रुग्णालयं आणि तुरुंगांसकट, मिळून सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांपर्यंत त्यांना पोचता आलं.

त्यामुळे एक-दोन कॅमेऱ्यांचं छोटं दुकान, सलून, क्लिनिकचं रिसेप्शन असेल तर क्लाउड किंवा कार्डवाला कॅमेरा पुरतो. त्याहून मोठं असेल तर सलग रेकॉर्डिंग पेटीत आणि गल्ला व दाराच्या फक्त हालचालीच्या क्लिप क्लाउडवर, ही सांगड मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

पासवर्ड कुणाकडे आहे?

फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधलं राजकोट प्रकरण देशभर गाजलं. तिथल्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं सीसीटीव्ही फुटेज यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला ठेवलेलं सापडलं. हॅकरनी इंटरनेटवरून त्या यंत्रणेत शिरून ते काढलं होतं. अटक झालेल्यांमध्ये महाराष्ट्रातलेही आरोपी होते. यात दोन चुका आहेत: तपासणीच्या खोलीत मुळात कॅमेरा असणं, आणि यंत्रणेला धड कुलूप नसणं.

कमकुवत पासवर्डची गोष्ट जुनीच आहे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीचेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच फौजेने केलेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कोलमडल्या. कुणाच्यातरी दुकानातला डीव्हीआर त्यात सामील होता आणि मालकाला पत्ताही नव्हता.

आपल्याकडे तर साधी गोष्ट चुकते. सीसीटीव्हीवाला पासवर्ड ठेवतो, तोच सगळ्या गिऱ्हाइकांना एकच देतो आणि ॲप त्याच्या फोनवरही सुरू राहतं. उद्या तो धंदा सोडून गेला तर तुम्हाला स्वतःच्याच रेकॉर्डरमध्ये शिरता येत नाही. काम संपल्यावर, पैसे देण्याआधी, मुख्य पासवर्ड स्वतः बदला. रेकॉर्डर तुमच्या ईमेल आणि नंबरवर नोंदवून घ्या. ॲपमध्ये कुणाकुणाला प्रवेश दिलाय ती यादी बघा आणि नोकरी सोडून गेलेला मॅनेजर अजून तिथे असेल तर काढा.

कॅमेऱ्यांबाबत सरकारनेही नियम कडक केले आहेत. एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेनुसार सीसीटीव्ही कॅमेऱ्यांची सायबर सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आणि ९ एप्रिल २०२५ पासून ती लागू आहे. विकत घेताना बीआयएसचा नोंदणी क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपवर तो तपासता येतो. बिनबिलाचा, बिननावाचा कॅमेरा स्वस्त मिळतो तो याच कारणाने.

आणि कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह, तपासणीची खोली इथे कॅमेरा नाही म्हणजे नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार स्त्रीला अशा खासगी अवस्थेत चोरून पाहणं किंवा चित्रित करणं हा गुन्हा आहे.

फुटेज आहे, पण कोर्टात चालेल का?

इथे जालन्याची एक केस सांगायलाच हवी. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर जिंकले आणि कैलास गोरंट्याल हरले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी ३ ची मुदत टळल्यावर दाखल झाला, असा गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा म्हणून निवडणूक कार्यालयातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. प्रश्न उभा राहिला की त्या रेकॉर्डिंगसोबत कायद्याने लागतं ते प्रमाणपत्र नाही, अधिकारी मागूनही देत नाहीत, मग काय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केलं की इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र बंधनकारकच आहे. मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आणि सगळे प्रयत्न करूनही संबंधितांनी ते दिलंच नाही, तर त्या माणसाला सूट मिळू शकते.

तेव्हा हे पुरावा कायद्याचं कलम ६५ ब होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाईलची हॅश व्हॅल्यूही लिहावी लागते. हॅश म्हणजे फाईलचा बोटाचा ठसा समजा. फाईलमध्ये एक कण जरी बदलला तरी ती बदलते.

याचा रेकॉर्डर निवडण्याशी काय संबंध? बराच आहे. ज्या पेटीतून फुटेज पेन ड्राइव्हवर मूळ स्वरूपात, तारीख-वेळेसह, सहज काढता येतं तीच पेटी घ्या. घेतानाच सीसीटीव्हीवाल्याला समोर बसवून दहा मिनिटांची क्लिप काढायला लावा आणि नंतर तुम्ही स्वतः काढून बघा. मॉनिटरसमोर मोबाईल धरून काढलेला व्हिडिओ व्हॉट्सॲपवर फिरवायला ठीक, पुरावा म्हणून तो फार दुबळा. घटना घडली की लगेच क्लिप काढा, कारण पेटी तर पुसतच पुढे चालली आहे. पोलीस पंचनामा करून अख्खा डीव्हीआर जप्त करू शकतात, तेव्हा तुमच्याकडे एक प्रत राहील.

आणि घड्याळ! रेकॉर्डरच्या आत मनगटी घड्याळात असतो तसा एक छोटा सेल असतो. तो संपला की वीज जाऊन आल्यावर तारीख चुकते. घटना मंगळवारची आणि फुटेजवर तारीख कुठल्यातरी जुन्या जानेवारीची, असं झालं की समोरचा वकील तिथूनच सुरुवात करतो. सेटिंगमध्ये इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळवायची सोय असते, ती सुरू करा आणि टाईम झोन भारताचा आहे ना ते बघा. वेळ चुकलेली आढळलीच तर घाईने दुरुस्त करू नका. आधी रेकॉर्डरची वेळ आणि खरी वेळ दोन्ही एकत्र दिसतील असा फोटो काढून ठेवा.

मामाने शेवटी एनव्हीआर घेतला नाही. वायरिंग चांगलं होतं. १०८० पी पूर्ण रेकॉर्ड करणारा आठ चॅनलचा नवा डीव्हीआर, ४ टीबीची सर्व्हेलन्स डिस्क, सगळीकडे एच.२६५, काउंटर आणि मुख्य दार सलग, गोडाऊन मोशनवर. पेटी माळ्यावरच्या जाळीच्या कपाटात गेली, चावी मामीकडे. परवा फोनवर विचारलं तर सगळ्यात जुनं रेकॉर्डिंग ४३ दिवसांपूर्वीचं निघालं. माल उतरतो त्या दिवसाची क्लिप आता तो पुरवठादाराचं चलन जुळेपर्यंत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवतो.